कूप, फळी, डेपो : गावच्या जंगलधंद्याचा इतिहास कसा जपावा

अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान गेलं, तेव्हा बल्लारपुरात शोभायात्रा निघाली, साऱ्या वर्तमानपत्रांत फोटो आले. त्या सागवानाची जात, वय, मजबुती सगळं छापून आलं. पण त्याच जंगलात आधीच्या दोन-तीन पिढ्या कुऱ्हाड कोणी चालवली, लठ्ठे बंडीवर कोणी चढवले, पावसाळ्याआधी माल डेपोत पोचला नाही तर मजुरीचं काय व्हायचं, हे कुठं लिहिलेलं मिळत नाही.

विदर्भातल्या जंगलधंद्याच्या इतिहासाची अडचण हीच आहे. सरकारी कागदांत लाकूड सापडतं, महसूल सापडतो, कूपाचा, म्हणजे कटाईसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्याचा, क्रमांक सापडतो. माणूस सापडत नाही. तो सापडतो आलापल्ली, वडसा, नवेगाव, धारणी, चिखलदरा या भागातल्या घरांच्या ओसरीवर, आणि तिथं तो आता थकलेला आहे. म्हणून हे काम करायचं असेल तर क्रम पक्का धरा: आधी माणसं, मग घरातले कागद, मग सरकारी दप्तर. बरेच हौशी लोक उलटं करतात. आधी गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, वाचतात, नकाशे जमवतात, आणि गावात पोचेपर्यंत ज्याला विचारायचं तो आबाजी गेलेला असतो.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे: गावातले शिक्षक, वनहक्क समितीतली पोरं, कॉलेजात शिकणाऱ्या मुली, किंवा निवृत्त होऊन गावी परतलेले कोणीही.

आधी आवाका ठरवा

"गडचिरोलीच्या जंगलाचा इतिहास" असा विषय घेऊ नका, तो कधीच संपणार नाही. एक गाव आणि एक धंदा घ्या. सागवानाची कटाई, बांबू, विडीला लागणारा तेंदूपत्ता, बैलबंडीची वाहतूक, लाकूड चिरायची आरामशीन, डिंक किंवा लाख, विड्या वळणं यांतलं एक काहीतरी. गोंदिया-भंडाऱ्याकडे असाल तर विडीकारखान्यांची आठवण घरोघरी आहे. बल्लारपूरच्या आसपास कागद कारखाना आणि त्याला लागणारा बांबू. मेळघाटात वनगावं घ्या. जंगलखात्याने कामाला माणूस हाताशी असावा म्हणून जी गावं वसवली, त्यांतल्या कोरकू घरांची कहाणी म्हणजे जंगलधंद्याचीच कहाणी आहे.

पहिल्यांदाच करत असाल तर माझा सल्ला तेंदूपत्त्याचा. हा हंगाम अजून जिवंत आहे, दरवर्षी मे महिन्यात डोळ्यांनी बघता येतो, आणि त्यात घरातल्या बायका, म्हातारे, शाळकरी पोरं सगळ्यांचा हात असतो. कूपकटाईत बहुतेक पुरुषांच्याच आठवणी निघतात. तेंदूत आजीबाईपण बोलते.

कोणाला भेटायचं

गावात "जंगलाची माहिती कोणाला आहे?" असं विचारलं की लोक सरपंचाकडे नाहीतर एखाद्या निवृत्त वनपालाकडे पाठवतात. त्यांना भेटाच, पण तिथे थांबू नका. धंदा अनेक हातांचा होता. झाड तोडणारे, करवतीवर फळ्या पाडणारे, बंडीवाले, डेपोवर थप्पी लावणारे, ट्रकचे खलाशी, कूपाच्या तळावर सैपाक करणाऱ्या बाया, तेंदूच्या फळीवरचे, म्हणजे पानांचे पुडे मोजून घ्यायच्या जागेवरचे, मुन्शी आणि दिवाणजी, जंगल कामगार सहकारी संस्थेचे जुने सचिव, टोपल्या-सूप विणणारे बुरड, कुऱ्हाडी घडवणारा लोहार. कमलापूरच्या हत्ती कॅम्पजवळ असाल तर माहूत आणि चाराकटर. तिथले हत्ती एकेकाळी लाकूड ओढायचे, आणि हत्तीला काम कसं शिकवायचं हे ज्ञान आता मोजक्या घरांत उरलं आहे.

यादी करताना वयाने सगळ्यांत मोठ्या माणसापासून सुरू करा. प्रकृती बरी नसेल तर त्याच आठवड्यात जा.

काय विचारायचं, कसं विचारायचं

पहिला प्रश्न तारखेचा नको. "कोणत्या साली?" म्हटलं की म्हातारा माणूस गप्प होतो, त्याला वाटतं आपली परीक्षा चालली आहे. हातापासून सुरू करा. "आबाजी, कुऱ्हाडीचा दांडा कोणत्या लाकडाचा करायचे?" "आजी, पानं खुडायला किती वाजता निघायच्या, सोबत काय बांधून न्यायच्या?" एक पूर्ण दिवस सांगायला लावा, पहाटेपासून रात्रीपर्यंत. त्या एका दिवसात हत्यार, जेवण, मजुरी, मुकादम, भीती, गाणी सगळं येतं.

साल काढायचं असेल तर गावाला माहीत असलेल्या घटनांचा आधार घ्या. १९७२ चा दुष्काळ, १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला ते, सिरोंचाकडे १९८६ चा गोदावरीचा पूर, इंदिरा गांधी गेल्या ते वर्ष, "मोठा पोरगा झाला त्याच्या आधी का नंतर?" अशी विचारणा केली की वर्ष दोन-तीन सालांच्या आत येऊन बसतं. तेंदूच्या बाबतीत एक खूण फार उपयोगाची: १९६९ च्या कायद्याने हा व्यापार सरकारी नियंत्रणात आला. त्याआधीचा ठेकेदार आणि त्यानंतरचा ठेकेदार यांच्याबद्दल वेगवेगळं विचारा. पुढे पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा आल्यावर काही ग्रामसभांनी स्वतः लिलाव सुरू केले, म्हणजे तिसरा काळ. हे तीन काळ वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ मिटतो.

मापं नीट लिहून घ्या. मापाशिवाय मजुरीचा आकडा निरर्थक असतो. आपल्याकडे ७० पानांचा एक पुडा, शंभर पुड्यांचा शेकडा, आणि १,००० पुड्यांची म्हणजे ७०,००० पानांची एक प्रमाण गोणी. शेजारच्या मध्य प्रदेशात गड्डी ५० पानांची. बालाघाटकडे कामाला जाऊन आलेली बाई "शेकड्याला इतके मिळायचे" म्हणते तेव्हा ती कोणत्या पुड्याबद्दल बोलते हे विचारलंच पाहिजे. लाकडात घनफूट होतं, मग घनमीटर आलं. जळाऊ लाकडाची बीट, म्हणजे रचलेल्या थप्पीचं माप. बांबूत बुरडांच्या कामाचा लांब बांबू वेगळा, कारखान्याला जाणारे तुकड्यांचे बंडल वेगळे. फळीवर पुडा "खराब" म्हणून बाजूला काढण्याचा हक्क कोणाला होता, किती पुडे जादा द्यावे लागायचे, हेही विचारा. मजुरांचा खरा हिशेब अशा ठिकाणी असतो.

कामाचा प्रत्येक टप्पा वेगळा काढा. सागवानाचं उदाहरण घ्या. आधी मार्किंग व्हायचं. हातोड्याने छाप मारायची, त्यातली एक अगदी बुंध्याशी, म्हणजे झाड गेलं तरी खुंटावर छाप राहील आणि परवानगीने तोडलं की चोरून, हे पुढे तपासता येईल. मग तोडणी, फांद्या छाटणं, लठ्ठे पाडणं, प्रत्येक लठ्ठ्यावर नंबर, बंडीने किंवा ट्रकने ओढाई, नाक्यावर वाहतूक परवाना, डेपोत प्रतवारी, लिलाव. यांतल्या प्रत्येक ठिकाणी कोण उभा असायचा आणि कोणाच्या हातात काय असायचं, एवढं विचारलं तरी दोन तास बोलणं होतं. तेंदूचंही तसंच. पानं खुडायच्या कितीतरी आधी, उन्हाळा लागताना झुडपांची खुटकटाई, म्हणजे छाटणी, होते, मग कोवळी पालवी फुटते. हे काम कोणी केलं आणि त्याची मजुरी वेगळी मिळाली का, हे बहुतेक लोक विचारायचं विसरतात.

भाषा. गोंडी, माडिया, कोरकू, छत्तीसगढी, सिरोंचाकडे तेलुगू, ज्या भाषेत माणूस काम करत होता त्या भाषेत बोलू द्या. घरातली नात किंवा नातू शेजारी बसवा. मधेच थांबवून मराठी करायला लावू नका. पूर्ण रेकॉर्ड होऊ द्या, भाषांतर नंतर. झाडांची, पानांच्या प्रतींची, हत्यारांची नावं मूळ भाषेतच ठेवा आणि प्रत्येक शब्दासोबत तो कोणत्या गावात मिळाला ते लिहा.

आणि जे विचारायचं नाही तेही ठरवून जा. पोलीस, नक्षल, कोणी कोणाला जेवण दिलं असे विषय निघाले की रेकॉर्डर बंद करा. जुन्या जंगलचोरीच्या गोष्टी लोक हसत सांगतात, पण त्यात नावं आली तर ती तुमच्या वहीत येऊ देऊ नका. म्हाताऱ्या माणसाच्या मोकळेपणाची किंमत त्याच्या पोराला मोजावी लागू नये.

संमती आणि रेकॉर्डिंग

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर सर्वांत आधी तुमचं नाव, तारीख, गाव, आणि समोरच्याची परवानगी, हे सगळं त्याच रेकॉर्डिंगमध्ये बोलून घ्या. सही-अंगठ्याचा कागद पुढे केला की जंगलपट्टीतला माणूस घाबरतो, आणि त्याला घाबरायचं कारण आहे; कागदावरच्या अंगठ्यांनी इथल्या माणसांचं फार नुकसान केलं आहे. तोंडी संमती पुरेशी, पण स्पष्ट असावी. तीन पर्याय सांगा: नावासकट सगळ्यांना ऐकवायचं, नाव न सांगता ऐकवायचं, किंवा फक्त घरच्यांसाठी ठेवायचं. नंतर मत बदललं तर तेही चालेल, हे आवर्जून सांगा.

साधा फोन पुरतो. फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. कॉलरला लावायचा माईक मिळाला तर उत्तम. ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही फॉरमॅट असेल तर तो निवडा, फाईल मोठी होते पण आवाज शाबूत राहतो. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो किंवा व्हिडिओ दाबला जाऊन खराब होतो, म्हणून मूळ फाईल केबलने किंवा ड्राइव्हवरून घ्या. फाईलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग धंदा, मग क्रमांक. त्याच रात्री एका वहीत अर्धं पान लिहा: कोण, कुठं, कशाबद्दल, काय राहिलं. ही वही नसेल तर वर्षभराने शंभर फाईल्स असतात आणि कशात काय आहे ते कोणालाच ठाऊक नसतं.

घरातले कागद आणि वस्तू

प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी एकच विचारा: "पेटीत काही जुने कागद आहेत का?" तेंदूचं मजुरीचं कार्ड, बोनसची पावती, जंगल कामगार संस्थेचा सभासद दाखला, निस्तार हक्काची (जंगलातून घरगुती गरजेपुरतं घेण्याच्या हक्काची) नक्कल, वाहतूक परवान्याची दुसरी प्रत, लिलावाची यादी, दंडाची पावती, डेपोवर काढलेला ग्रुप फोटो. लोक हे फेकण्यालायक समजतात. दंडाची पावती तर लाजेने लपवतात, आणि कोणत्या साली कोणत्या जंगलात जायला बंदी होती याचा तोच सगळ्यांत भक्कम पुरावा असतो.

कागद घेऊन जाऊ नका. दारात, सावलीत, पांढऱ्या कापडावर ठेवा आणि वरून सरळ फोटो घ्या, फ्लॅश नको. पुढची आणि मागची, दोन्ही बाजू. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. फोटोत कोण कोण आहे ते डावीकडून उजवीकडे लिहून घ्या, ओळखणारे गेले की तो फोटो मुका होतो. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू देऊ नका. त्याचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा करून खातो. घरमालकाला प्लास्टिक पिशवीऐवजी जाड कागदी पाकीट द्या.

वस्तूंबाबत मला ठाम बोलायचं आहे. गावात संग्रहालय काढायची घाई करू नका. कुऱ्हाड, करवत, कोयता ज्याच्या घरात आहे तिथंच राहू द्या. फोटो घ्या, लांबी मोजा, कोणत्या लोहाराकडची ते लिहा, शक्य असेल तर चालवून दाखवताना व्हिडिओ घ्या. कुलूपबंद खोलीत गंजणाऱ्या करवतीपेक्षा घरात तेल लावून ठेवलेली करवत जास्त टिकते. दोन गोष्टींपासून मात्र लांबच राहा. हरणाचं-सांबराचं शिंग, कातडं, नख असं काही कोणी "जुनं आहे, घेऊन जा" म्हणून दिलं तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ते जवळ ठेवणंच गुन्हा ठरू शकतं. आणि जंगलखात्याचा छापाचा हातोडा ही सरकारी वस्तू. त्याच्या छापेची नक्कल करणं भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. शोभेसाठी लोहाराकडून तसा हातोडा बनवून घेण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात आली तर तिथल्या तिथे थांबवा.

सरकारी दप्तर

आता कार्यालयांकडे वळा, पण आपल्या भागाचा कारभार कोणकोणाच्या हाती गेला हे माहीत करून. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ हे वऱ्हाडचे जिल्हे. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (म्हणजे आजचं चंद्रपूर) हे मध्य प्रांताचे. सिरोंचा १८७४ पर्यंत अप्पर गोदावरी नावाच्या वेगळ्याच जिल्ह्यात होतं. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांतलं जंगल १९५१ साली मालकी हक्क जाईपर्यंत सरकारी जंगलापेक्षा वेगळ्या व्यवस्थेत होतं, म्हणून तिथले त्याआधीचे कागद वनखात्यात शोधून फारसे मिळायचे नाहीत. १९५६ पर्यंत प्रांताची राजधानी नागपूर, मग आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. त्यामुळे आजच्या गडचिरोलीच्या गावाचा कागद "चांदा" या नावाखाली नागपुरात असू शकतो.

घरबसल्या सुरुवात करायची तर चांदा जिल्ह्याचं १९०९ चं गॅझेटिअर इंटरनेट आर्काइव्हवर वाचता येतं, आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल आहे. मग नागपूरचं पुराभिलेखागार, तहसीलचा अभिलेख कक्ष, आणि विभागीय वन कार्यालय. वन कार्यालयात सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे कार्य आयोजना, जंगलखात्याचा कामाचा आराखडा. कोणत्या कूपात कोणत्या वर्षी कटाई, किती माल, कोणते रस्ते, मजूर कुठून आणायचे, सगळं त्यात असतं. १९७४ ला वनविकास महामंडळ स्थापन झाल्यावर काही जंगल त्यांच्याकडे गेलं; तुमचं जंगल कोणाकडे आहे हे आधी बघा.

आधी नम्रपणे अर्ज करून बघा, पुष्कळदा एखादा जुना लिपिक आपणहून मदत करतो. नाही जमलं तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, फी १० रुपये, नकलेला पानामागे २ रुपये. "सर्व माहिती द्यावी" लिहू नका. "अमुक वनपरिक्षेत्राच्या जुन्या कार्य आयोजना प्रत्यक्ष तपासणीसाठी दाखवाव्यात" असं लिहा. तपासणी मागितली की आपल्याला लागतात तीच पानं निवडता येतात.

जंगलात चालणं

कागद आणि आठवण हातात आली की एखाद्या माहीतगार माणसासोबत ती जागा बघा. जुना तळ, बंडीवाट, कोळशाची भट्टी, सीमेचे मुनारे, फळीची जागा. फोनवर ठिकाण नोंदवा. राखीव जंगलात परवानगी लागते. ताडोबा-मेळघाटच्या गाभ्यात तर आपल्या मनाने जायचंच नाही. एप्रिल-मेमध्ये मोहफूल आणि तेंदूच्या दिवसांत पहाटे एकट्याने जाऊ नका. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे वाघाचे हल्ले या दिवसांत वाढतात. आलापल्लीजवळ असाल तर ६ हेक्टरचं जुनं जंगल, ज्याला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, तिथं म्हाताऱ्या कटाईवाल्याला घेऊन जा. न तोडलेलं सागवान समोर असलं की घरी न आठवलेल्या गोष्टी त्याला आठवतात. देवराई, औषधी झाडं, दुर्मीळ वनस्पती यांची ठिकाणं मात्र नोंदवली तरी बाहेर देऊ नका.

जुळवणी

आठवण आणि कागद जुळत नसतील तर दोन्ही ठेवा. कागदात १,२०० पुडे आणि आजीच्या म्हणण्यात दीड हजार असतील, तर "कागद खरा" असा निकाल देऊ नका. जादा घेतलेले पुडे कागदावर आले नसतील, ही शक्यता तशीच लिहा. तिसरं माणूस शोधा, दुसऱ्या गावचं, दुसऱ्या बाजूचं. मजुराचं ऐकलं तर मुन्शीचंही ऐका.

जपणूक आणि वाटप

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीत, एक गावाबाहेर. म्हणजे एक हार्ड डिस्क, एक ऑनलाइन ड्राइव्ह, आणि एक प्रत जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका. वर्षातून एकदा सगळ्या फाईल्स उघडून बघायची जबाबदारी एका नावावर टाका.

वाटप करताना पहिला हक्क गावाचा. पुण्या-मुंबईत चर्चासत्रात मांडण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवा, आवाज ऐकवा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावात गावाचे अभ्यास गट गेली कित्येक वर्षं असंच एकत्र बसून विषय समजून घेतात. त्यांच्या जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ साली मान्य झाला, त्यामागे अशा बसण्याची मोठी ताकद होती. आणि याचा सरळ उपयोगही आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून गॅझेटिअर, कार्य आयोजना, नकाशे यांच्यासोबत वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही धरलं जातं. तुम्ही जमवलेल्या साहित्यातून असं निवेदन तयार होऊ शकतं. म्हणून वनहक्क समितीला एक प्रत जरूर द्या, मात्र ज्यांनी नाव लपवायला सांगितलं त्यांची नव्हे.

मग शाळा. चौथी-पाचवीच्या पोरांसाठी एक भिंतीवरचा तक्ता: झाडापासून डेपोपर्यंतचे टप्पे, गावातल्याच शब्दांत. मग सोळा-वीस पानांची पुस्तिका, गावच्या झेरॉक्स दुकानातून निघेल इतकी साधी. ज्या फोटोंना घरच्यांची परवानगी आहे ते विकिमीडिया कॉमन्सवर चढवता येतात, पण एकदा तिथं गेलं की कोणीही, पैशासाठीसुद्धा, वापरू शकतं, हे घरच्यांना आधी समजावून सांगा.

ग्रामसभेत वाचन झालं की लोक चुका काढतील. "तो मुकादम आमच्या गावचा नव्हता", "ती फळी नाल्याच्या अलीकडे होती." यासाठी वहीत उजवं पान कोरं ठेवा. दुरुस्ती त्याच्यावर, सांगणाऱ्याच्या नावासकट आणि तारखेसकट लिहा. मूळ मजकूर खोडू नका. ज्यांनी सांगितलं त्या प्रत्येक घरात रेकॉर्डिंगची एक प्रत आणि पुस्तिका स्वतः नेऊन द्या. आणि तिथं बसलाच आहात तर त्या घरातल्या सुनेला विचारा, तिच्या माहेरी जंगलाचं कोणतं काम चालायचं.